मिशीआडचे दात

त्याला सगळे वस्तरा म्हणायचे. तोंडावर नाही हो, कुणाची छाती होती! पाठीमागे. आणि हे नाव काही हातातल्या हत्यारावरून पडलेलं नव्हतं. हत्यार बिचारं गुणी, त्यानं कधी कुणाच्या गालाला साधा ओरखडा काढला नाही. धार होती ती जिभेला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याशी कापड बांधलं, की तोंडाचा पट्टा सुरू. "केस उरलेत मूठभर, आणि फोटो दाखवतोय नटाचा!" "मान वर करा. इथं झोपायला आलात का? घरी जागा नाही वाटतं." एकदा एक बँकेतले साहेब आरशात बघून म्हणाले, "डावीकडे जरा जास्तच कापलंत." ह्यानं कातरी त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुम्ही कापा, मी बसतो खुर्चीत." साहेबांनी पैसे मोजले, आणि पुढच्या महिन्यात परत ह्याच्याकडेच आले.

येणार नाहीत तर जातील कुठं? झाकण्यात वस्तऱ्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एक विमा एजंट होता, त्याला हनुवटी म्हणून नव्हतीच, ओठ संपला की थेट गळा. वस्तऱ्यानं त्याला दाढी वाढवायला लावली, कडेनं बारीक आणि खाली भरघोस अशी कापली, आणि त्या माणसाला चक्क हनुवटी आली. कुणाच्या कानशिलावर भाजल्याचा डाग असेल तर तिथं कल्ले उतरायचे. कुणाचं कपाळ मागं सरकत चाललेलं असेल तर भांग अशा जागी पडायचा की बघणाऱ्याचं लक्षच जाऊ नये. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणत तो मानेवरचे केस झटकायचा. आणि कुणी घाई केली तर दुसरं ठरलेलं वाक्य: "अहो, वाढतील की! आज नाही जमलं तर पुढच्या महिन्यात. केस काय पळून चाललेत?" आयुष्यभर त्यानं हेच बघितलं होतं. कापलं की वाढतं, बिघडलं की महिन्यात भरून येतं. त्यामुळं वेळ निघून जाते म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

आता त्याच्या स्वतःच्या मिशीबद्दल सांगतो. मिशी कसली, तोंडावर सोडलेला पडदाच तो. वरच्या ओठावरून उतरून खालच्या ओठाला टेकलेली, जाड, काळी, रोज विंचरलेली. तिच्या आत काय होतं ते त्याच्या शाळासोबत्यांना माहीत होतं. त्याचे वरचे पुढचे दात एवढे बाहेर होते की तोंड आपणहून मिटायचंच नाही, ओठ ओढून मिटवावा लागायचा. शाळेत त्याला फावड्या म्हणत. हाक मारून म्हणत, फळ्यावर चित्र काढून म्हणत, एक मास्तरसुद्धा हसत हसत म्हणाले होते. त्याचा सगळा राग तिथला. पहिली लव फुटली तशी त्यानं ती जपली, आणि मिशी दाट झाली त्या दिवसापासून फावड्या मेला आणि वस्तरा जन्माला आला. लग्नही मिशीसकटच झालं. बायकोनं नवऱ्याचा वरचा ओठ कधी बघितला नव्हता, म्हणजे बघा.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. बोलणं कमी, पण जे बोलेल ते वर्मी. एकच लेक. हुशार, काटक, धावण्यात पहिली, आणि तोंडानं अगदी बापावर गेलेली. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे.

ती सहावीत असताना शाळेत दातांची तपासणी झाली आणि आईबापांना बोलावणं आलं. दातांना तारा लावणारी एक डॉक्टरीण आलेली होती, तरुण, चष्मा लावलेली, बोलायला सरळ. तिनं पोरीला खुर्चीत बसवून कडेनं बघितलं आणि म्हणाली, "नुसते दात पुढे नाहीत. खालचा जबडा मागे राहिलाय. पण हिचं वाढीचं वय आहे, हे नशीब समजा. आत्ता एक काढता-घालता येणारं उपकरण देता येईल. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, आणि मूल वाढतं तसा जबडाही तिथं स्थिरावतो. वर्षभर मनापासून घालायला लागेल. मात्र वाढ थांबली की हे होत नाही. थांबू नका."

बाईनं एवढं सांगितलं, आणि वस्तऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला ऐकू काय आलं? 'फावड्या.' बस्स, एवढंच. "हे माझ्या आईचे दात आहेत," तो कडाडला. "माझे आहेत. माझ्या पोरीत खोट काढायला तुम्हाला कुणी बोलावलं? चांगल्या पोरांच्या तोंडात तारा भरायच्या आणि आपली दुकानं चालवायची! दात विकणारी बाई तुम्ही!"

सगळी शाळा बघत होती. डॉक्टरीण लाल झाली, पण शांतपणे म्हणाली, "राग माझ्यावर काढा हवं तर. वेळ तिची जाईल."

"वेळ कुठं जातेय? पोरगी काय उद्या म्हातारी होतेय?"

लेकीचा हात धरून तो तिला तिथून घेऊन निघाला. बायकोनं घरी विषय काढला, पुन्हा काढला, पुढच्या वर्षी परत काढला. प्रत्येक वेळी ह्याचं एकच. "बघू पुढं." एकदा तर लेकीला दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि तिचे केस असे कापले की दोन्हीकडून बटा गालांवर, जवळजवळ ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. "बघ, कसा चेहरा भरला! कशाला हव्यात तारा?" पोरीनं आरशात बघितलं आणि बटा कानामागे सारल्या. घरी बायको बोललीच. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का हो?"

अशी सहावी गेली, सातवी गेली, आठवीही गेली. पोरगी उंच झाली, आईच्या वर डोकं काढलं तिनं. हसताना तोंडावर हात जायला लागला. वर्गात तिचं नाव खारूताई पडलं होतं, हे घरात आईला माहीत होतं, बापाला नाही. सांगणार कोण? सांगितलं असतं तर ह्यानं शाळेत जाऊन कुणाची तरी मान धरली असती.

आणि शेवटी तेच झालं. नववीत खेळाच्या मैदानावर चेंडूसाठी झटापट झाली, एका मुलीचं कोपर हिच्या तोंडावर बसलं, आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. इतके पुढे असलेले दात आधी फुटणारच, ओठाची आडकाठीच नाही त्यांना. पण वस्तऱ्याला हे कोण समजावणार? तो दुकान अर्धवट टाकून, खुर्चीत एकाच्या गालाला फेस तसाच ठेवून, शाळेत पोचला. "कोण ती? कुणाची पोरगी? बोलवा तिच्या बापाला!" कोपरवाली पोरगी आधीच रडत होती, ती आता मैत्रिणीच्या मागे लपली. मुख्याध्यापक मध्ये पडले तर त्यांनाही दोन शब्द मिळाले. गॅलरीत पोरं गोळा झाली होती. त्यातून कुणीतरी म्हणालं, "खारूताईचा बाप!" आणि सगळी हसली.

लेकीनं रुमालानं तोंड दाबून धरलं होतं. तिनं बापाकडे असं काही बघितलं की तो वाक्य अर्धं टाकून तिला घेऊन फाटकाकडे निघाला.

घरी आल्यावर मात्र तो पुन्हा सुरू झाला. चपला काढायच्या आधी सुरू झाला. "खारूताई म्हणतात? आणि तू ऐकून घेतेस? माझी पोरगी ना तू? लाज कसली? आपल्या घराण्याचे दात आहेत हे. मान वर करून चालायचं!"

"मग तू का झाकतोस?" लेक म्हणाली.

"काय झाकतो मी?"

"मिशी."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. वस्तऱ्याचा हात मिशीकडे गेला.

"ती... ती मिशी आहे. पुरुषाला असते मिशी."

"हो ना," पोरगी म्हणाली. तिचा ओठ सुजला होता, शब्द नीट फुटत नव्हते, तरी एकेक शब्द तिनं म्हटला. "तुला आली म्हणून तू वाचलास. मला येणार आहे का, बाबा? सांग ना. मला मिशी येणार आहे का?"

आणि ती आत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिनं ते हळूच लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर वस्तरा स्वतःच खुर्चीत बसला. तोंडाला फेस लावला. शेजारच्या बाकावर पेन्शनर आजोबा रोजच्यासारखे फुकटचं वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना वाटलं, दाढी करतोय. मग त्यांनी पान उलटलं, वर बघितलं, आणि त्यांच्या हातातून पेपर पडला. मिशी निम्मी गेली होती.

"अरे, अरे! हे काय करतोयस? कुणी गेलं का घरात?"

"तुम्ही जाल, गप्प बसला नाहीत तर!"

सगळी उतरवली त्यानं. तुरटी फिरवली, तोंड धुतलं, आणि आरशात बघितलं. फावड्या तिथंच होता. गेला कुठंच नव्हता मेला, फक्त म्हातारा झाला होता. आणि दुसरंही एक दिसलं: आरशात लेकीचं तोंड होतं. तसाच न मिटणारा ओठ, तशीच आत गेलेली हनुवटी. इतकी वर्षं लोकांच्या हनुवट्या घडवल्या आणि स्वतःची कशी आहे हे तो विसरून गेला होता. आजोबा हसायला लागले, हसू आवरेना त्यांना. वस्तऱ्यानं त्यांचा पेपर उचलला, त्यांच्या बगलेत खुपसला आणि त्यांना रस्त्यावर घालवून दुकानाचं शटर ओढलं.

घरी बायकोनं दार उघडलं. बराच वेळ बघत राहिली. "अगंबाई," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "मी त्या शाळेत आलेल्या डॉक्टरणीकडे नंबर लावलाय आजचा. दाताचा कोपरा भरून घ्यायला जातेय तिला घेऊन."

"मी नेतो."

"भांडायला?"

"नेतो म्हटलं ना!"

दवाखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर दातांचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. वस्तरा त्या फोटोंकडे पाठ करून बसला. समोरची एक बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "काय बघताय?" तो खेकसला. लेकीनं खुर्ची बदलली आणि लांब जाऊन बसली.

आत गेल्यावर डॉक्टरणीनं चष्म्यावरून बघितलं. तिनं त्याला ओळखलं नाही, मग आवाज ऐकला आणि ओळखलं. "तुम्ही ते. दात विकणारी म्हणाला होतात." मग तिची नजर त्याच्या ओठावर गेली आणि तिथं जरा थांबली. "असं आहे होय," ती म्हणाली.

"माझं सोडा. हिचं बघा."

तिनं बघितलं. फुटलेला कोपरा दाताच्याच रंगाच्या मसाल्यानं भरून दिला, ते काम पटकन झालं. मग पोरीच्या डोक्याचा एका बाजूनं एक्स-रे काढला आणि तो उजेडावर धरून बराच वेळ बघत राहिली. मानेच्या मणक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "वाढ किती उरलीय ते ह्यांच्या आकारावरून कळतं. उरलेली नाही म्हटलं तरी चालेल."

"म्हणजे?"

"म्हणजे ते उपकरण आता नाही."

"नाही कसं? तुम्हीच तर म्हणाला होतात!" वस्तरा खुर्चीतून उठला. "तेव्हा हवं होतं, आता नको? तेच द्या! दोन-तीन वर्षांत काय आभाळ कोसळलं? आज घालायला लागेल ती. रात्रंदिवस घालेल!"

"केस कापले की परत वाढतात," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचाही आवाज आता चढला होता. "हाड वाढायचं थांबलं की थांबलं. मी स्पष्ट सांगितलं होतं तुम्हाला, भर शाळेत."

"बाबा, बस," लेक म्हणाली. तो बसला.

मग डॉक्टरणीनं खुर्ची पोरीकडे वळवली आणि ह्याला वगळून तिच्याशीच बोलायला लागली. वाटा दोन होत्या. अठरा पूर्ण झाल्यावर, तारा लावून, मोठ्या इस्पितळात जबड्याचं ऑपरेशन. हाड कापून पुढे आणायचं. त्यानं हनुवटी पुढे येते, पण ऑपरेशन ते ऑपरेशन, भूल आहे, सूज आहे, काही जणांच्या ओठाला बधिरपणा राहतो. नाहीतर आत्ता, वरचे बाजूचे दोन दात काढायचे, डावा एक आणि उजवा एक, आणि त्या जागेत पुढचे दात तारांनी हळूहळू मागे घ्यायचे. दीड-दोन वर्षं लागतील. पहिले काही दिवस दुखेल, मऊसर खायचं. तार गालाला घासून फोड येतील, त्यावर लावायला मेण मिळतं. कडक आणि चिकट काही चावायचं नाही, घासायचे मात्र जीव लावून. आणि तारा निघाल्या म्हणजे सुटलीस असं समजू नकोस, दात परत आपल्या जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रात्री प्लेट घालायची, ती कितीतरी वर्षं.

"ह्यानं ओठ मिटेल?" पोरीनं विचारलं.

"मिटेल. छान मिटेल."

"आणि हनुवटी?"

"ती आहे तिथंच राहील. दात मागे जाऊन जबड्याचं उणेपण दिसेनासं होतं, एवढंच. आम्ही त्याला झाकणंच म्हणतो."

वस्तऱ्यानं हे ऐकलं. झाकण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"तेव्हा आलो असतो तर?" लेकीनं विचारलं. डॉक्टरणीला विचारलं, बघत मात्र होती बापाकडे. "सहावीत. तर हनुवटी पुढे आली असती?"

डॉक्टरणीनं चष्मा काढून पुसला. "खात्री कुणीच देत नाही. पण बरीच आली असती, असं मला वाटतं. तुझं वय अगदी बरोबर होतं."

वस्तऱ्याला त्या बाईवर ओरडायचं होतं, शाळेवर, कोपरवालीवर, त्या फळ्यावर चित्र काढणाऱ्यांवर. सगळ्यांची नावं त्यानं मनात घेऊन बघितली. त्यातल्या एकावरही हा दोष टाकता येईना. मग काहीतरी करायचं म्हणून तो म्हणाला, "तारा आतल्या बाजूनं लावतात म्हणे. नाहीतर त्या पारदर्शक ट्रे असतात. कुणाला दिसणार नाही असं काहीतरी लावा. मी काय हवं ते करतो."

"आतून लावल्या तर जिभेला फार टोचतं आणि बोलणं अडखळतं," डॉक्टरीण म्हणाली. "ट्रे जेवणाखेरीज दिवसभर घालायचे, आणि दात काढून एवढं मागे घ्यायचं म्हणजे त्यांनी काम अवघड होतं. तारा अडकवायच्या टिकल्या दाताच्या रंगाच्याही मिळतात, लांबून कळत नाहीत."

"त्या लावा!"

"नको," लेक म्हणाली. "साध्या. लोखंडाच्या. दिसणाऱ्या."

"अगं, पोरं हसतील!"

"आत्ता काय रडतात का?" मग तिनं डॉक्टरणीला विचारलं, "त्यांना रंगीत रबर लावतात ना? मला लाल पाहिजे."

डॉक्टरीण पहिल्यांदाच हसली. दात काढण्याचा वार ठरला. निघताना तिनं दाराशी वस्तऱ्याला थांबवलं. मोठ्या माणसांचेही दात मागे घेता येतात, हिरड्या चांगल्या असतील तर वयाची अडचण नाही, असं म्हणाली. "माझं राहू द्या," तो म्हणाला. पण खेकसला नाही.

खाली रस्त्यावर दुपारची गर्दी होती. एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून लेक झपाझप पुढे चालली होती, हा मागून. ओळखीचा एक रिक्षावाला हात वर करून ओरडला, "काय वस्ताद, मिशी कुठं गहाण टाकली?" वस्तऱ्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सिग्नलला लेक थांबली तेव्हा तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मिशी काढली मी."

"बघितलं."

"तू म्हणालीस म्हणून."

"मी मिशी काढ म्हणाले नव्हते." ती समोरच्या गाड्यांकडे बघत बोलत होती. "दात मागे जातील, बाबा. ओठ मिटेल. पण हनुवटी राहिली ती तुझ्यामुळे राहिली. मी हे विसरणार नाही. मोठी झाले तरी नाही."

त्याचा हात मिशीच्या जागी गेला आणि रिकामाच खाली आला.

"नको विसरूस," तो म्हणाला.

सिग्नल सुटला. तिनं पाकीट त्याच्याकडे दिलं नाही, त्यानंही मागितलं नाही. दोघं रस्ता ओलांडून घराकडे निघाले.